मातीत निजलेले मासे

भासऱ्याशी बोलायचं नाही, हे मला लग्नाच्या आधीच आईनं शिकवून ठेवलं होतं. नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भासरा. तो समोर आला की पदर नाकाच्या शेंड्यापर्यंत ओढायचा, त्याच्या वाटेतून बाजूला व्हायचं, त्याच्याशी थेट शब्द बोलायचा नाही. चुकून त्याला हात लागला तर डोक्यावरून अंघोळ. मी विचारलं, "काहून व माय? थो काय वाघ आहे?" तर आईनं माझ्या पाठीत धपाटा घातला. आमच्या केनवडच्या घरात माझ्या तोंडाळपणाची सगळ्यांना धास्ती होती, आणि ते तोंड सासरी कसं निभेल याची आईला रात्रंदिवस काळजी.

पण माझं नशीब चांगलं. माझे भासरे आफ्रिकेत होते. सुतारकाम शिकून विसाव्या वर्षी घर सोडून गेले ते तिकडल्या रेल्वेत मिस्तरी झाले. आगगाडीचे डबे, पुलाचे लाकडी सांगाडे, साहेब लोकांच्या बंगल्याची दारं, सगळं करायचे. वाशीमच्या आमच्या घरात त्यांची फक्त पत्रं यायची. घरात मी, माझा नवरा आणि सासूबाई. सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो. नवरा कापसाच्या जिनात वजनकाट्यावर होता. भासऱ्यांनी लग्न केलं नव्हतं, आणि त्यावरून आत्याबाई रोज एकदा तरी देवाशी भांडायच्या.

मोठं युद्ध सुरू व्हायच्या दोनेक वर्षं आधीची गोष्ट. दसऱ्याच्या सुमाराला भासरे कायमचे घरी आले. बारा वर्षांनी! नवरा त्यांना आणायला जऊळका स्टेशनापर्यंत उलटा गेला आणि त्यांच्याच गाडीत बसून परत आला, इतका त्याला दम नव्हता. आत्याबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी दाराआड उभी राहून फटीतून पाहिलं. उंच, वाळका माणूस, केस तिशीतच पार पांढरे, आणि हातात पत्र्याचा बिस्किटाचा डबा. ट्रंक हमालाकडं दिली, वळकटी भावाकडं दिली, पण डबा काही कोणाच्या हाती देईनात.

आत्याबाईंना वाटलं, डब्यात सोनं असेल. मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू? चहा झाल्यावर त्यांनी डबा उघडला. आत माती. तांबूस, ओलसर, चिकट माती, आणि वर कसल्याशा कुजक्या पानांचा चुरा.

"बारा वर्षांनी माती आणली?" आत्याबाई म्हणाल्या. "आमच्या वऱ्हाडात माती नव्हती का रे बापा?"

"आई, याच्यात मासे आहेत," भासरे म्हणाले.

आत्याबाईंनी माझ्या नवऱ्याकडं पाहिलं. नवऱ्यानं जमिनीकडं पाहिलं. मी दाराआड तोंडात पदर कोंबला, नाहीतर हसू बाहेर पडलं असतं. परदेशात राहून माणसाच्या डोक्यावर परिणाम होतो हे मी ऐकून होते, पण इतका होतो हे माहीत नव्हतं.

मग त्यांनी सांगितलं ते मी सगळं ऐकलं. तिकडं रुळाच्या कडेला खड्डे असतात. पाऊस पडला की भरतात, उन्हाळ्यात ठणठणीत आटतात. त्या वाळलेल्या खड्ड्यांतून ते रोज चालत कामाला जायचे, पायाखाली धूळ उडायची. पाऊस पडून गेला, खड्डा भरला, आणि महिन्याभरानं पाहतात तर त्यात निळेशार मासे! ना नदी जवळ, ना नाला. ते चक्रावले. त्यांच्या हाताखाली तिकडचाच एक म्हातारा गडी होता. त्यानं हसून मूठभर माती उचलली आणि खुणेनं सांगितलं की मासे इथं निजलेत. आई-बाप पाणी आटलं की मरतात, पण मरायच्या आधी मातीत अंडी पुरून जातात. पुढच्या पाण्याला पोरं उठतात.

"मी तिथं एकटा होतो आई," भासरे म्हणाले. "लय एकटा. थे मासे पाह्यले तवा मले पहिल्यांदा वाटलं का देव इकडंही आहे."

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी गल्लीत सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत अर्ध्या वाशीमला समजलं की आफ्रिकावाल्यानं डबाभर माती आणली आणि तो तिच्यातून मासे काढणार आहे. पाणवठ्यावर मला बाया विचारायच्या, "काय व, तुह्या भासऱ्याची माती व्याली का नाई?" मी हसायचे, आणि घरी येऊन भांडी आपटायचे. आमच्या माणसाला मी वेडं म्हणेन, दुसऱ्यानं म्हटलेलं मला खपत नसे.

भासरे काचेच्या पेटीच्या मागं लागले. सागवानाची चौकट स्वतः केली, एकेक सांधा असा की नख जाऊ नये. काचा आणल्या आमच्या गल्लीच्या टोकाला तसबिरी मढवणारे एक मुसलमान चाचा होते त्यांच्याकडून. चाचा म्हणायचे, "मिस्तरी, काच में भगवान बिठाते हैं, तुम मछली बिठाओगे?" पण त्यांनीच जवसाच्या तेलात खडूची भुकटी मळून लांबी करून दिली आणि स्वतः येऊन फटी भरल्या. पहिल्यांदा पाणी भरलं तर कोपऱ्यातून गळालं. दुसऱ्यांदाही गळालं. आत्याबाईंचं सारवण दोन्ही वेळा वाहून गेलं, आणि दोन्ही वेळा मी ते नव्यानं सारवलं, मनातल्या मनात शिव्या देत. तिसऱ्यांदा चाचांनी राळ वितळवून ओतली, तेव्हा पाणी थांबलं.

मग आत काय घालायचं याची तऱ्हा. पैनगंगेची वाळू मागवली. ती मी सात पाण्यांनी धुतली, तरी भासरे आत्याबाईंना म्हणाले, "सांग, अजून एक पाणी." देव तलावातून पाण्यात वाढणारी झाडं आणली, एक बारीक पानांची, एक फितीसारखी लांब पानांची. त्यांची मुळं वाळूत दाबून वर खडे ठेवले. दोन गोगलगायी सोडल्या. पाणी विहिरीचं, पण तीन दिवस उघड्यावर ठेवून शिळं केलेलं. शिळं पाणी घरात ठेवायचं म्हणजे आत्याबाईंच्या जिवावर यायचं. आमच्या घरात सकाळी उठून कालचं पाणी फेकणं हे पहिलं काम, आणि इथं शिळ्या पाण्याची बडदास्त!

पेटी पूर्वेच्या खिडकीत ठेवली. आठेक दिवसांनी मी तिथं झाडत होते, भासरे घरात नव्हते, म्हणून जरा थांबून पाहिलं. ऊन आरपार आलं होतं. झाडांनी मुळं धरली होती. आणि पानापानातून बारीक बारीक बुडबुडे सुटून वर जात होते, एकामागं एक, न थांबता. मासा नाही, वारा नाही, हलवणारं कोणी नाही, आणि पाणी आपलं जिवंत! मी शेतकऱ्याची पोर. जन्मभर पाणी पाहिलं, पण ते वरून पाहिलं होतं. आत काय चाललेलं असतं ते त्या दिवशी पहिल्यांदा बाजूनं पाहिलं. हातातला झाडू तसाच राहिला आणि चुलीवरचं वरण उतू गेलं.

कार्तिकात एका सकाळी भासऱ्यांनी डब्यातली माती एका पसरट मातीच्या परातीत घातली आणि वरून थंड पाणी ओतलं. बसले. आत्याबाई पाटावर बसून तूर निवडत होत्या. नवरा कामाला न जाता घुटमळत होता. मी दाराआड. तासभर काही नाही. मला आता त्यांची दया यायला लागली होती. काही निघालं नाही तर हा माणूस उद्या गल्लीतून कसा चालेल, हेच डोक्यात.

"हाल्लं," ते म्हणाले.

"काय हाल्लं?" नवऱ्यानं विचारलं.

"इथं पाह्य."

आम्ही सगळे वाकलो. मी पण, लाजलज्जा सोडून, आत्याबाईंच्या खांद्यावरून. पाण्यात केसाएवढं काहीतरी उडी मारल्यासारखं सरकलं. त्याला दोन डोळे होते. अजून एक. मग तिकडं तीन. अहो, मातीतून! डब्यातल्या मातीतून, जी जहाजातून आली, आगगाडीतून आली, आमच्या फळीवर महिनाभर पडून होती, तिच्यातून डोळे असलेले जीव उठून चालायला लागले! आत्याबाईंनी तुरीचं सूप खाली ठेवलं आणि परातीला हात जोडले. माझा नवरा, जो कधी कशाला हात जोडत नसे, तोही जोडून मोकळा झाला.

दुपारपर्यंत गल्ली लोटली. ज्या बाया मला चिडवायच्या त्या परातीपाशी तोंडात बोटं घालून उभ्या राहिल्या. चाचा "सुब्हानअल्ला" म्हणत खालीच बसले. मी पदराआडून सगळ्यांकडं असं पाहत होते की जणू काही ते मासे मीच उबवले.

त्यांना वाढवायचं कामही सोपं नव्हतं. आधी तळ्याचं हिरवट पाणी, थेंबाथेंबानं. मग डासांचे वळवळे. ते मी डबक्यातून फडक्यानं गाळून आणायचे आणि पेटीपाशी वाटी ठेवून निघून यायचे. तळाची घाण काढायला भासरे पपईच्या पानाचा पोकळ देठ वापरायचे. एक टोक पाण्यात, एक टोक तोंडात, ओढून झटकन खालच्या तांब्यात सोडायचं. रोज एक तांब्या काढायचा, एक तांब्या शिळं पाणी घालायचं. एवढ्या कामात आमचं बोलणं कसं चालायचं ते ऐकण्यासारखं होतं. ते आत्याबाईंना म्हणत, "आई, वळवळे जरा कमी आणायले सांग." आत्याबाई मला म्हणत, "कमी आण म्हणते." मी आत्याबाईंना म्हणे, "कालचे पुरले नाई म्हणून आज जास्त आणले, सांगा." आम्ही तिघंही एकाच खोलीत, हाताच्या अंतरावर! आत्याबाई कंटाळून जायच्या, पण रीत सोडायच्या नाहीत.

दीड महिन्यात नरांना रंग चढला. अंग निळं, प्रत्येक खवल्याला तांबडी कड, आणि शेपटी कुंकवासारखी लाल. माद्या मातकट, डोळ्यांत न भरणाऱ्या. नर पंख फुलवून मादीपुढं थरथरायचा आणि दोघं मिळून तळाच्या मातीत घुसायचे. भासऱ्यांनी त्यासाठी वाळूवर एका वाडग्यात तीच तांबूस माती ठेवली होती. "अंडी घालून राह्यले," ते आत्याबाईंना म्हणायचे, आणि आवाज असा मऊ असायचा की मला उगीचच गहिवरून यायचं. माघात त्यांनी वाडग्यातली माती काढून, पिळून, फडक्यात बांधून एका मडक्यात ठेवली. मासे चैत्रापर्यंत एकेक करून मेले. त्यांचं आयुष्यच तेवढं, ते आम्हाला आधीच सांगितलं होतं, तरी शेवटचा निळा नर मेला त्या दिवशी आत्याबाईंनी जेवण टाकलं.

त्याच सुमाराला दुसरी गोष्ट कळली. भासऱ्यांचा रंधा चुकायला लागला होता. ते चौकटीला आपटायचे. शेजारी कोणी येऊन उभं राहिलं तर त्यांना दिसायचं नाही, समोरचं तेवढं दिसायचं. नवरा त्यांना अकोल्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडं घेऊन गेला आणि ठेवून आला. तिथं त्यांना महिनाभर राहावं लागलं.

आता माझं पाप सांगते.

वैशाखात मी ते मडकं उघडलं. उघडायला कोणी सांगितलं नव्हतं. पण मला राहवेना, आतले जीव कसे आहेत ते पाहावंसं वाटलं. फडकं सोडलं तर मातीवर पांढरी बुरशी आणि बारीक किडे. मी केनवडच्या शेतकऱ्याची मुलगी. आमच्या घरचं बी कधी खराब झालं नाही. ज्वारीचं, तुरीचं बी आईनं माझ्याकडूनच राखून घेतलं होतं. बियाला बुरशी लागली की ते गेलंच समजायचं. अंडी म्हणजे तरी काय, माशाचं बीच ना? भासऱ्यांना विचारावं तर ते अकोल्याला, आणि घरी असते तरी मी कोणत्या तोंडानं विचारणार होते? आत्याबाई पुसदला लेकीच्या बाळंतपणाला. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "मले काय समजते? तू शेतकऱ्याची पोट्टी, तुले माती समजते."

एवढं पुरलं मला. मी ती माती माळवदावर कापडावर पसरली. वैशाखाचं ऊन, तीन दिवस. हातानं चाळली, किडे निवडले. चुलीची बारीक राख गाळून मिसळली, कडुनिंबाचा पाला वाळवून चुरून घातला, आणि नव्या गाडग्यात भरून तोंड शेणानं लिंपून टाकलं. बियाला जेवढं जपतात त्याच्या दुप्पट जपलं. एकच ढेकूळ, लिंबाएवढं, काही केल्या फुटेना. ते रांजणाच्या तिवईखाली भिरकावलं, नंतर फोडू म्हणून, आणि विसरले. काम झाल्यावर मला एवढं समाधान वाटलं की त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

भासरे जेठात आले. आत्याबाईही तोवर परतल्या होत्या. डॉक्टरनं सांगितलं होतं की हा मोतीबिंदू नाही, याला औषध नाही. नजर कडेकडेनं आत आत आटत जाणार आणि दिवाळीपर्यंत पार जाणार. आत्याबाई रडायला लागल्या तर भासऱ्यांनी त्यांना जवळ बसवून घेतलं.

"रडू नको आई. लय पाह्यलं मी. समुद्र पाह्यला. आता एकच पाह्यचं राह्यलं. डोळे जायच्या आधी एक डाव थो निळा पाह्यला म्हणजे मंग माह्या मनात काही राह्यत नाई. आखाडात माती भिजवतो, भादव्यात रंग येते. दिवाळीच्या आतच होते."

मी दाराआड खूश. मनात म्हटलं, बघा तुमचं बी कसं ठणठणीत ठेवलं आहे.

त्यांनी गाडगं फोडलं. कडुनिंबाचा वास घरभर झाला. त्यांनी माती चिमटीत घेतली, बोटांवर चोळली, नाकाशी नेली. वाळलेली, भुसभुशीत, राखेनं करडी झालेली. तळातली अजून एक चिमूट काढून तीही तशीच चोळून पाहिली.

"आई, हे कोणी केलं?"

आत्याबाईंनी एकदा दाराकडं पाहिलं. "मी केलं," त्या म्हणाल्या.

"तू कवा बी राखलं आई? तुले तर राखही चाळता येत नाई." मग ते हळू आवाजात म्हणाले, "लय मन लावून केलं आहे. किडा एक ठेवला नाई. पण थ्यायले ओल लागते. सावली लागते. उन्हानं अंडी भाजली असतीन सारी."

रागावले असते तर बरं झालं असतं. मी रागाला राग द्यायला जन्मल्यापासून तयार. पण या माणसानं माझ्या कामाचं कौतुक केलं आणि मग सांगितलं की मी सगळे मारले. मी कोठीत जाऊन पोत्यावर डोकं टेकून रडले. एका आंधळा होत चाललेल्या माणसानं जगाकडं एकच गोष्ट मागितली होती, आणि ती मी तीन दिवस उन्हात घालून भाजली होती. विचारायचं तोंड मला होतं, नुसती विचारायची रीत नव्हती.

रडता रडता ते ढेकूळ आठवलं. धावत रांजणापाशी गेले. तिवईखाली, जिथं रांजण रोज पाझरतो, तिथं ते कोपऱ्यात तसंच पडलं होतं. वरून टणक, पण खालून हात लावला तर गार, ओलसर. ते मी पदरात घेऊन आले आणि आत्याबाईंपुढं ठेवलं. "सांगा त्याइले," मी म्हटलं, "एवढं नाई वाळलं."

भासऱ्यांनी ते दोन्ही हातांनी उचललं, हरवलेलं पाखरू धरावं तसं.

आषाढात ते भिजवलं. पहिला दिवस काही नाही. मागच्या वेळी तासात उठले होते. दुसरा दिवस, काही नाही. मी देवाला काय काय कबूल केलं ते आता सांगत नाही, त्यातलं बरंचसं अजून फेडायचं आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी परातीत दोन डोळे हलले. एकंदर पाच निघाले. दोन मेले. उरले तीन.

ते तीन जीव मी कसे वाढवले, ते मलाच माहीत. पाऊस असो की चिखल, रोज वळवळे आणले. पाणी बदलायचं काम आता मीच करायचे, कारण भासऱ्यांना तांब्या सापडत नव्हता. पपईचा देठ मी तोंडात धरला की ते बाजूला तोंड वळवून बसायचे, माझ्या अदबीसाठी. श्रावण गेला. मोठे झाले ते दोघं मातकट निघाले, माद्याच. तिसरा बारका होता, झाडांत लपून बसायचा. तो जर मादी निघाला तर झालं, संपलं. इकडं भासऱ्यांची नजर रोज आटत होती. एक डोळा गेला. दुसऱ्यातून त्यांना हातभर अंतरावर रुपयाएवढं दिसायचं, बाकी अंधार. ते पेटीपुढं बसून त्या रुपयाएवढ्या उजेडात तासन् तास शोधायचे. बहुतेक वेळा त्यांना नुसतं हिरवं पान दिसायचं.

भाद्रपदातली सकाळ. पाऊस उघडून ऊन पडलं होतं, सरळ पेटीतून आरपार. भासरे काचेपुढं बसलेले, आत्याबाई शेजारी भेंडी चिरत होत्या, मी तांब्या घेऊन आले. आणि झाडांतून तो बारका बाहेर आला.

निळा! अगं माय, काय निळा! मागच्या सालचे सगळे त्याच्यापुढं फिके. खवल्याखवल्याला तांबडी कड, उन्हात अंग असं झळाळत होतं की डोळे दिपावेत. त्यानं पंख फुलवले, लाल शेपटी पसरली, आणि एका जागी थरथरत उभा राहिला. त्या सगळ्या भाजलेल्या मातीतून हा एक उरला होता! मला रडावं की ओरडावं कळेना.

भासरे दुसऱ्याच कोपऱ्यात पाहत होते.

"आत्याबाई," मी म्हटलं, "सांगा, डावीकडं!"

"डावीकडं म्हणते," आत्याबाई म्हणाल्या. तोवर मासा खाली गेला.

"खाली, सांगा!"

"खाली पाह्य म्हणते रे."

भासऱ्यांनी मान खाली घातली, तोवर मासा वर आला. "कुठं?" ते विचारत होते. "कुठं आहे? मले पान दिसून राह्यलं. नुसतं पान."

"वर, आत्याबाई! वर! उजवीकडं!"

"वर म्हणते. नाई, उजवीकडं..."

भासऱ्यांची मान कधी इकडं, कधी तिकडं, घाबरल्यासारखी. मासा पुन्हा झाडांकडं वळत होता. एकदा आत शिरला की दिवसभर बाहेर येत नसे, आणि उद्या ते रुपयाएवढं तरी राहील का कोणाला माहीत होतं? माझ्या हातातून तांब्या सुटला. घरभर पाणी झालं.

"दादा, हालू नका!" मी ओरडले. नवरा त्यांना दादा म्हणायचा, तेच माझ्या तोंडातून बाहेर पडलं. आणि मी पुढं झाले, पदर कुठं होता मला ठाऊक नाही, आणि भासऱ्यांची हनुवटी माझ्या ओल्या हातात धरली. त्यांचं तोंड फिरवलं. थोडं डावीकडं, थोडं खाली. त्यांची खरखरीत दाढी माझ्या तळहाताला टोचत होती. मासा सरकला तशी मी हनुवटी सरकवली.

एकाएकी त्यांची मान थांबली. सगळं अंग थांबलं.

"आला," ते म्हणाले. "आला. निळा आहे. निळाच आहे व."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळून माझ्या बोटांवर आलं. तेव्हा कुठं मला उमगलं की माझा हात कुठं आहे. शरमेनं मी तो काढून घ्यायला लागले. आत्याबाईंनी विळी बाजूला सारली, उठल्या, आणि माझ्या मनगटावर आपला हात घट्ट दाबला.

"सोडू नको व पोरी," त्या म्हणाल्या. "थो पाहून राह्यला अजून."